वाचता आलं म्हणजे डोळ्यातलं भिंग हललं असं नाही

संपादक महोदय, नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत चाळिशीचा चष्मा सुटल्याबद्दल जो लेख आला होता तो वाचला, घरातल्यांनीही वाचला आणि दोन पेशंटनी कात्रण आणून दाखवलं, म्हणून हे पत्र. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळ्यांचे नंबर काढणं हेच रोजचं काम. लेखातल्या गृहस्थांचं वय बावन्न, आधी त्यांना पेपर ५० सेंटिमीटर लांब धरावा लागायचा, डोळ्यांचे व्यायाम केल्यावर काही महिन्यांत ३० सेंटिमीटरवर वाचता यायला लागलं, आणि यावरून लेखकाने सरळ लिहून टाकलं की डोळ्याची फोकस करण्याची ताकद परत आली. वर पुन्हा ‘कॉम्प्युटरवर तपासून खात्री केली’ असंही वाक्य आहे. त्यांना वाचता येत असेल, मला त्यावर अजिबात शंका नाही, माणूस खोटं कशाला बोलेल. माझं भांडण आहे ते त्यावरून काढलेल्या निष्कर्षाशी, कारण वाचता येणं ही एक गोष्ट आणि डोळ्यातलं भिंग खरंच फुगणं ही वेगळी गोष्ट, आणि दोन्ही मोजायच्या पद्धती पण वेगळ्या आहेत.

जवळचं बघताना डोळ्यात काय होतं ते आधी सांगतो. बाहुलीच्या मागे जे नैसर्गिक भिंग असतं ते बारीक तंतूंनी चारी बाजूंनी ताणून धरलेलं असतं. जवळ बघायचं म्हटलं की त्याभोवतीचा सिलिअरी नावाचा स्नायू आवळतो, तंतू सैल पडतात आणि भिंग स्वतःच्या लवचिकपणामुळे जास्त गोल होतं. हे हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५५ मध्ये मांडलं आणि मुळात ते आजही टिकून आहे. त्याच्याही आधी १८०१ मध्ये थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने स्वतःचा डोळा पाण्यात ठेवून बघितलं होतं, म्हणजे पुढच्या पारदर्शक बुबुळाचा परिणाम जवळजवळ जातो, तरीही फोकस बदलता येतोय हे त्याला दिसलं, म्हणजे काम आतलं भिंग करतंय हे नक्की झालं. (असले प्रयोग स्वतःच्या डोळ्यांवर करणारी माणसं होती म्हणून आपलं हे शास्त्र उभं राहिलं, आज कुठलीही एथिक्स कमिटी परवानगी देणार नाही.) वय वाढतं तसं हे भिंग कडक होत जातं, स्नायू आवळला तरी ते पूर्वीसारखं फुगत नाही, आणि पंचेचाळिशीच्या आसपास बहुतेकांना वाचायचा चष्मा लागतो. स्नायू कमजोर झाला म्हणून चाळिशी लागते हा समज व्यायामाच्या लेखांमध्ये कायम असतो, पण मुख्य कारण भिंगाचं कडक होणं हे आहे आणि डोळे गोल गोल फिरवून भिंग मऊ होत नाही.

आता मोजण्याकडे येतो. सगळ्यात जुनी आणि सोपी पद्धत म्हणजे बारीक अक्षरांचं कार्ड हळूहळू डोळ्याजवळ आणत जायचं आणि पेशंटने ‘आता धूसर झालं’ म्हणायचं. ते अंतर मीटरमध्ये घेऊन एकला त्याने भागलं की फोकसची ताकद डायॉप्टर या मापात मिळते. ५० सेंटिमीटर म्हणजे २ डायॉप्टर, ३० म्हणजे ३.३. लेखातल्या गृहस्थांची ‘वाढ’ १.३ डायॉप्टरची झाली, कागदावर भरपूर दिसते. ही झाली सब्जेक्टिव्ह पद्धत, कारण उत्तर पेशंटच्या तोंडून येतं. यात मोजलं जातं ते ‘मला धूसर वाटायला लागलं’ हे, आणि धूसर वाटणं यावर भिंगाशिवाय कितीतरी गोष्टींचा हात असतो.

एक म्हणजे बाहुलीचा आकार. जवळ बघताना बाहुली आपोआप लहान होते, चांगल्या उजेडात आणखी लहान होते, आणि छिद्र लहान झालं की फोकस थोडा चुकला तरी चित्र बऱ्यापैकी स्पष्ट राहतं. याला डेप्थ ऑफ फोकस म्हणतात आणि यानेच अर्धा-एक डायॉप्टर सहज फुकटात मिळून जातो, भिंग तसूभरही न हलता. म्हणून पन्नाशीचा माणूस खिडकीपाशी उन्हात चष्म्याशिवाय वाचतो आणि संध्याकाळी तोच कागद त्याला दिसत नाही. लेखात पहिली आणि दुसरी तपासणी एकाच उजेडात झाली का याचा कुठेच उल्लेख नाही, आणि नुसत्या उजेडाने १.३ पैकी बराचसा फरक पडू शकतो. दुसरं म्हणजे कार्ड जवळ आणलं की अक्षरं डोळ्याला मोठी दिसायला लागतात, ४० सेंटिमीटरवरचं अक्षर १० वर आणलं तर चौपट मोठं दिसतं, आणि मोठं अक्षर धूसर असलं तरी ओळखू येतं, मग पेशंट म्हणतो दिसतंय दिसतंय. तिसरं, सूचना काय दिली. ‘जरा धूसर झालं की सांगा’ म्हणालं तर एक आकडा येतो, ‘वाचता येईनासं झालं की सांगा’ म्हणालं तर दुसराच, त्याच माणसाचा, त्याच खुर्चीत, पाच मिनिटांच्या आत. चौथं म्हणजे कार्ड किती वेगाने आणलं, कारण पेशंटला धूसर जाणवून तो तोंडाने सांगेपर्यंत कार्ड आणखी पुढे सरकलेलं असतं.

लहान मुलांमध्ये तर हे गणित फारच बिघडतं. ५० सेंटिमीटरच्या जागी ४९ वाचलं तर डायॉप्टरमध्ये फरक जवळजवळ शून्य. पण मुलाचं कार्ड ८ सेंटिमीटरवर असताना एक सेंटिमीटर चुकलं तर १२.५ चे थेट १४.३ होतात. आणि मोजपट्टी नाकापासून धरली की भुवईपासून की चष्म्याच्या काचेपासून यावरच ते एक सेंटिमीटर जातं. मूल पाच-सहा वर्षांचं असेल तर त्याला धूसर म्हणजे काय हेच नीट कळलेलं नसतं, ते बिचारं मॅडमना बरं वाटावं म्हणून दिसतंय म्हणत राहतं.

आमच्या शिक्षणात वयानुसार अपेक्षित ताकदीचं जे सूत्र पाठ करून घेतात ते १९५० मध्ये हॉफस्टेटर या अमेरिकन ऑप्टोमेट्रिस्टने मांडलं, डोंडर्स आणि ड्युएन या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या जुन्या आकड्यांवरून, आणि ते आकडे मुळात पेशंटच्या सांगण्यावर घेतलेले. सरासरी म्हणजे १८.५ मधून वयाच्या ०.३ पट वजा. दहा वर्षांच्या मुलाला १५.५ डायॉप्टर, पन्नास वर्षांच्या माणसाला ३.५. आता ३.५ डायॉप्टर म्हणजे २८-२९ सेंटिमीटरवर चष्म्याशिवाय वाचता यायला पाहिजे, आणि पन्नाशीचे किती लोक तसं वाचतात ते आपण सगळे बघतोच, हात पुरत नाही म्हणून मोबाईल टेबलावर ठेवून मागे सरकतात. पेशंटला न विचारता अवजारांनी मोजलेले आकडे (ते कसं ते पुढे सांगतो) यापेक्षा बरेच कमी येतात. लहान मुलांमध्येही यंत्रावर साधारण सात-आठ डायॉप्टरच्या आसपासच प्रतिसाद मिळतो, पंधरा नाही, आणि पन्नाशी उलटली की तो जवळजवळ शून्यावर येतो, जेव्हा कार्डवाल्या पद्धतीत त्याच वयाला एक-दोन डायॉप्टर अजून ‘शिल्लक’ दिसत असतात. सूत्र टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही, कार्डाने मोजलेल्या मुलाची तुलना कार्डानेच मोजलेल्या आकड्यांशी करायला ते अजूनही कामाचं आहे. पण एक आकडा कार्डाचा आणि दुसरा यंत्राचा असं घेऊन तुलना केली तर काहीच कळत नाही.

एक सब्जेक्टिव्ह पद्धत अजून आहे, त्यात कार्ड ४० सेंटिमीटरवर ठेवून डोळ्यापुढे मायनसच्या काचा वाढवत जातात. ४.०० च्या काचेपर्यंत स्पष्ट राहिलं तर ४ अधिक अंतराचे २.५ असे ६.५ डायॉप्टर. यात उलटं होतं, मायनस काचेने अक्षरं लहान दिसतात त्यामुळे आकडा कार्ड जवळ आणण्याच्या पद्धतीपेक्षा कमी येतो. म्हणजे दोन्ही पद्धती पेशंटलाच विचारणाऱ्या, तरी आपसात जुळत नाहीत.

कार्डवाली टेस्ट फसवते याचा सगळ्यात चोख पुरावा मात्र मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा आहे. ऑपरेशनमध्ये मूळ भिंग काढून त्या जागी एकाच अंतराचं कृत्रिम भिंग बसवतात, ते फुगत नाही. लांबचा नंबर पूर्ण घालून अशा माणसाची कार्डवाली टेस्ट केली तर कितीतरी जणांची ताकद एक ते दोन डायॉप्टर निघते! ती आली कुठून? लहान बाहुली, डोळ्यातले बारीकसारीक दोष, अंदाजाने अक्षर ओळखण्याची सवय, यातून. ज्या टेस्टमध्ये न हलणाऱ्या भिंगालाही मार्क मिळतात तिच्या जोरावर बावन्नाव्या वर्षी भिंग पुन्हा हलायला लागलं असं कसं म्हणायचं?

मग ऑब्जेक्टिव्ह म्हणजे काय. यात पेशंटला दिसतंय का हे विचारायचंच नाही, डोळ्यात प्रकाश टाकायचा, तो डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून परत येतो, आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून त्या क्षणी डोळा कुठल्या अंतरावर फोकस झालाय ते काढायचं. अंगात कणकण वाटणं आणि थर्मामीटर लावणं यात जो फरक आहे तोच इथे आहे. हातात धरायचा रेटिनोस्कोप हे यातलं जुनं आणि माझ्या मते अजूनही सगळ्यात उपयोगी अवजार. पेशंट रेटिनोस्कोपलाच लावलेलं कार्ड वाचत असतो आणि आपण बाहुलीतली प्रकाशाची पट्टी कशी सरकते ते बघतो. ४० सेंटिमीटरच्या कार्डाला २.५ डायॉप्टर लागतात, पण निरोगी डोळासुद्धा पूर्ण २.५ लावत नाही, पाव ते पाऊण डायॉप्टर कमीच लावतो आणि बाकीचं डेप्थ ऑफ फोकसवर निभावून नेतो. यापेक्षा जास्त मागे राहिला तर काहीतरी गडबड आहे. मोठ्या यंत्रांमध्ये समोर काच असते, तिच्यातून पेशंट खोलीतलं खरंखुरं कार्ड बघतो आणि यंत्र इन्फ्रारेड प्रकाशाने आकडे घेत राहतं. इन्फ्रारेड यासाठी की तो डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे बाहुली आवळत नाही आणि लक्षही विचलित होत नाही. गंमत म्हणजे कित्येक ऑटोरिफ्रॅक्टरच्या, म्हणजे आपोआप नंबर काढणाऱ्या यंत्रांच्या, पोटात जे तत्त्व आहे ते शाइनर नावाच्या माणसाने १६१९ मध्ये दाखवलेलं, कागदाला दोन बारीक भोकं पाडून त्यातून बघायचं, फोकस चुकला की एकाच वस्तूच्या दोन दिसतात. तेव्हा ते बघणाऱ्याला विचारायला लागायचं, आता सेन्सर बघतो.

इथे लेखातल्या ‘कॉम्प्युटरवर तपासलं’ या वाक्याकडे वळायला हवं कारण वाचकांची सगळ्यात जास्त फसगत तिथे होते. दवाखान्यात हनुवटी टेकवून ज्या यंत्रात आपण लांबच्या रस्त्यावरचा फुगा किंवा घर बघतो, आधी धूसर होतं मग स्पष्ट होतं, ते मुद्दाम डोळ्याला सैल सोडायला लावण्यासाठी असतं. जवळचा फोकस बंद असताना लांबचा नंबर किती, एवढंच ते यंत्र सांगतं. फोकस करण्याची ताकद काढायची तर दोन रीडिंग लागतात, एक डोळा सैल असताना आणि एक पूर्ण जोर लावून जवळचं बघत असताना, आणि त्यातला फरक म्हणजे ताकद. एका रीडिंगवरून फरक निघतच नाही. तेव्हा कॉम्प्युटर होता म्हणून तपासणी ऑब्जेक्टिव्ह झाली हे खरं, पण जी गोष्ट सिद्ध करायची होती ती मोजलीच गेली नाही.

व्यायामाने काहीच होत नाही असंही मी म्हणणार नाही, उगाच दुसऱ्या टोकाला जायला नको. २०१२ मध्ये इस्रायल आणि अमेरिकेतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता, त्यात चाळिशी लागलेल्या लोकांना स्क्रीनवर फिकट पट्ट्यांचे ठिपके ओळखायचा सराव दिला आणि त्यांना खरंच बारीक अक्षरं वाचायला सोपी गेली. पण त्यांनी फोकस करण्याची ताकद आणि बाहुलीही मोजली होती आणि त्यात बदल झालेला नव्हता, बदल झाला होता तो धूसर चित्रातून अर्थ काढण्याच्या मेंदूच्या कामात. मला तर हे भारी वाटतं. लेखातल्या गृहस्थांचंही असंच काही झालं असेल. पण मग मेंदू सरावला असं लिहा की, भिंग तरुण झालं असं कशाला लिहायचं.

जाहिरातींचंही तेच. बाहुली लहान करणारे पायलोकार्पिनचे थेंब आहेत, अमेरिकेत २०२१ मध्ये त्यांना चाळिशीसाठी परवानगी मिळाली, काही तास जवळचं बरं दिसतं हे खरं, पण मुख्य कमाल बारीक छिद्राची आहे. फोकस बदलणारी म्हणून विकली गेलेली कृत्रिम भिंगं झाली, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर करायच्या शस्त्रक्रिया झाल्या, सगळ्यांचे दावे पेशंट किती जवळचं वाचतो यावर उभे होते आणि यंत्राने मोजायला गेल्यावर हाती फारसं काही लागलं नाही. म्हणून माझं मत पक्कं आहे, फोकसची ताकद ‘परत आली’ असा दावा कोणी करत असेल तर पुरावा ऑब्जेक्टिव्हच मागावा, पेशंट खूश आहे हे पुरेसं नाही.

आता यंत्रवाल्यांनीही फार खूश होऊ नये. बाहुली खूप लहान असली की यंत्र रीडिंगच देत नाही, आणि म्हाताऱ्या डोळ्यांत, जवळ बघताना, बाहुली लहानच असते. रेटिनोस्कोपमध्ये तर पट्टी बघून ठरवणारा माणूसच असतो, म्हणजे पेशंटचं मत गेलं आणि तपासणाऱ्याचं आलं, नवशिक्या आणि जुन्या हातात फरक पडतोच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पेशंटने मन लावून बघितलंच नाही तर यंत्र काय करणार, ते फक्त त्या क्षणी भिंग काय करतंय ते सांगतं, काय करू शकतं ते नाही. कंटाळलेल्या मुलाचा आकडा कमी आला म्हणून त्याला ताकद कमी आहे असा शिक्का मारणारे रिपोर्ट मी बघितलेत.

तरीही ज्यांना सांगता येत नाही त्यांच्यासाठी ऑब्जेक्टिव्हला पर्याय नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचं उदाहरण घ्या, त्यांच्यातल्या पुष्कळ जणांचा जवळचा फोकस बराच मागे राहतो, वय लहान असूनही, आणि हे रेटिनोस्कोपने कळलं, मुलांनी तक्रार केली म्हणून नाही. अशा मुलांना लहानपणीच बायफोकल दिला तर फायदा होतो. ‘अभ्यासात लक्ष नाही’ म्हणून सोडून दिलेल्या मुलाला वही धूसर दिसत असेल हे त्याच्या तोंडून कधीच कळलं नसतं.

उलट चष्मा देताना मात्र शेवटचा शब्द पेशंटचाच. पंचावन्न वर्षांच्या माणसाची ताकद यंत्रावर शून्य आली म्हणून ४० सेंटिमीटरसाठी हिशोबाने २.५ चा नंबर द्यायचा का? पुष्कळांना २.०० लाच बरं वाटतं, कारण तो अर्धा डायॉप्टर डेप्थ ऑफ फोकस सांभाळून घेतो, आणि जास्त नंबर दिला तर कागद नाकाशी आणावा लागतो. शिवणकाम करणाऱ्याचं अंतर वेगळं, पेटी वाजवणाऱ्याचं वेगळं, दिवसभर स्क्रीनसमोर असणाऱ्याचं वेगळं, हे विचारल्याशिवाय कसं कळणार. यंत्रातून निघालेली चिठ्ठी जशीच्या तशी दुकानात पाठवणं हा आमच्या धंद्यातला आळस आहे आणि त्यावर खरं तर वेगळं पत्र लिहावं लागेल.

तेव्हा संपादक साहेब विनंती एवढीच की असे लेख छापताना आकडा कसा मोजला तेही छापा. कार्ड की यंत्र, उजेड कसा होता, लांबचा नंबर चढवून मोजलं की उघड्या डोळ्यांनी.

यातला शेवटचा मुद्दा त्या गृहस्थांसाठी खास महत्त्वाचा आहे. ज्याला मायनस ३ नंबर आहे तो चष्मा काढून ३३ सेंटिमीटरवर आरामात वाचतो, फोकसची ताकद शून्य असली तरी. पन्नाशीनंतर एखाद्याला अचानक चष्म्याशिवाय वाचता यायला लागलं तर आम्ही आधी हेच बघतो की लांबचा नंबर मायनसकडे सरकलाय का, कारण मोतीबिंदूच्या एका प्रकारात भिंगाचा गाभा दाट होतो आणि तसं होतं, आणि रक्तातली साखर वाढल्यानेही नंबर असा हलू शकतो. लेखात लांबच्या नजरेबद्दल एक ओळ नाही. कॉम्प्युटरची जी चिठ्ठी निघाली असेल तिच्यावर नेमका हाच आकडा असणार, आधीच्या चिठ्ठीशी तो ताडून बघायला सांगा, नंबर सरकलेला असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवून भिंग तपासून घ्या आणि साखरेची टेस्टही करून घ्या, आणि तोपर्यंत रात्री गाडी चालवू नका म्हणावं.

आपला,
नंबर काढणारा एक वाचक